तिकडे मिळत नाही काय?

गेल्या नाताळात माझी धाकटी बहीण कॅनडाहून माहेरी आली. सोबत तिची दोन मुले होती. थोरली मुलगी एकोणीस वर्षांची, धाकटा मुलगा पंधराचा. दोघांचाही जन्म टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनचा. मराठी त्यांना कळते. बोलताना मात्र शब्दासाठी चाचपडावे लागते आणि मग ती इंग्रजीच्या आडोशाला जातात. तीन आठवड्यांच्या मुक्कामात मी व माझ्या पत्नीने त्यांना चार वेळा वसईहून मुंबईला नेले आणि इराणी, चिनी, जपानी व कोरियन अशा चार नावांचे जेवण खाऊ घातले. माझा अपराध एवढाच.

तिसऱ्या फेरीनंतरच्या रविवारी, मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात घुटमळत असताना, आमच्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला चारचौघांत हटकले. ‘‘मास्तर, पोरांना चिनी-जपानी खाऊ घालायला मुंबईला नेता म्हणे? तिकडे मिळत नाही काय? आणि आपल्या घरात चूल पेटत नाही काय?’’ सभोवतालची मंडळी हसली. मीही हसलो. वयाने वडील माणसाला भर आवारात उत्तर देण्याची आमची रीत नाही. परंतु घरी परतताना ते वाक्य पायात काट्यासारखे सलत राहिले. हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही, हेही ध्यानात आले. ज्या ज्या घरी परदेशातून नातवंडे-भाचवंडे येतात, त्या त्या घरी तो कोणी ना कोणी विचारतोच. म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे देण्याचे धाडस करीत आहे. आमचे ज्येष्ठ मित्र या त्रैमासिकाचे जुने वर्गणीदार आहेत. ते वाचतील आणि रागावतील, पण वाचतील हे नक्की.

त्यांच्या बोलण्यात पैशाची टोचणी होती, परक्या अन्नाविषयीचा दुरावा होता आणि या दोहोंच्या तळाशी, न उच्चारलेली, एक भीती होती: ही मुले आपल्या हातून निसटत आहेत आणि उरलेसुरले तीन आठवडेही आपण पाण्यात घालवतो आहोत. ही भीती माझीही आहे. त्यामुळे मी त्यांची थट्टा करणार नाही. त्यांचे निदान चुकले, एवढेच माझे म्हणणे.

आधी चुलीविषयी. ‘आपल्या घरात चूल पेटत नाही काय’ असे विचारणारा पुरुष सहसा ती पेटवणारा नसतो. परदेशचे पाहुणे आले की आमच्या घरी काय घडते, ते मी गेली वीस वर्षे पाहत आलो आहे. पहाटे उठून माझी पत्नी नारळ खवते, मासळी साफ करते, वड्यांचे पीठ मळते. ऐंशीच्या घरातली माझी आई स्टुलावर बसून लसूण सोलते. पाहुणे सोफ्यावर आणि घरातल्या बाया ओट्यापाशी. निरोपाच्या दिवशी त्या बायांना पाहुण्यांचे चेहरे आठवत नाहीत, भांडी तेवढी आठवतात. ज्या चार दिवशी आम्ही मुंबईला गेलो, त्या चार दिवशी माझी पत्नी भाचीच्या शेजारी खुर्चीवर बसून जेवली, कोणीतरी तिला वाढले आणि दोघींनी मोकळेपणी गप्पा मारल्या. संस्कृतीचा ऱ्हास झाला असेल तर तो एवढ्याच अर्थाने, की चार दिवस आमचा ओटा कोरडा राहिला.

आता ‘आपले’ अन्न. आमच्या मित्रांच्या घरी सणाला जे जेवण असते, त्याची कीर्ती मोठी आहे आणि मी त्याचा ऋणी आहे. परंतु त्या ताटाची जरा जन्मकुंडली मांडून पाहावी. विंदालू हा शब्दच मुळी पोर्तुगीजांच्या ‘विन्या द आल्यूश’चा, म्हणजे मद्य आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाचा, अपभ्रंश आहे. पाव त्यांचा, शब्दही त्यांचाच. बटाटा, काजू, अननस ही नावे आपण त्यांच्याच तोंडून उचलली आणि ती पिके त्यांनी अटलांटिकपलीकडून आणली. टोमॅटो तिकडचाच. आणि मिरची? जिच्यावाचून आमचे मित्र जेवणाला जेवण म्हणत नाहीत, ती मिरची १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा या देशात कोणाच्याही परसात नव्हती. इथे तिखटपणा होता तो मिरीचा, आल्याचा, पिंपळीचा. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आपल्या आजीच्या आजीने किती परके दाणे, परकी फळे आणि परके शब्द घरात घेतले आणि नंतर ते कायमचे ‘आपले’ म्हणून जपले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. हा युक्तिवाद काही माझा नवा शोध नव्हे. शाळेतली मुलेही आता तो करतात. तरीही सणाच्या जेवणानंतर हात धुता धुता ‘आपले ते आपले’ म्हणणाऱ्यांना तो पुन्हा ऐकवावा लागतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या वाडवडिलांनी वसईचा भाजीपाला, केळी, विड्याची पाने मुंबईच्या बाजारात नेऊन विकली आणि त्या पैशांवर आपली शिक्षणे झाली. मुंबईने आपल्या वाडीतले खाल्ले तो धंदा, आणि आपण मुंबईच्या ताटातले खाल्ले तर ती चैन?

पहिल्या दिवशी मी मुलांना धोबी तलावावर नेले. तेथील जेर महाल नावाच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर १९०४ पासून चालत आलेले कयानी हे इराण्याचे दुकान आहे. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटे. ब्रून मस्का, खिमा पाव, मावा केक आणि चहा असा बेत झाला. भाचीने विचारले, ‘‘मामा, हे इराणचे जेवण का?’’ मी म्हटले, ‘‘इराणात ब्रून मस्का कोणी ओळखणारही नाही.’’ यझ्द आणि केरमान या प्रांतांतून गरिबीला व जाचाला कंटाळून जे झरतुष्ट्री लोक एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या प्रारंभी मुंबईला आले, त्यांनी नाक्यावरचे गाळे घेतले, पोर्तुगीज वळणाच्या पावाला लोणी लावले आणि गिरणी कामगारापासून वकिलापर्यंत सर्वांना एकाच टेबलावर बसवले. हे इराणचे अन्न नव्हे. इराणहून आलेल्या माणसांनी मुंबईत घडवलेले अन्न आहे. त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर गोवेकरांचे कूड आहेत, गावागावांच्या नावांचे. बोटीवर आचारी, बटलर, खलाशी म्हणून जाणारे आपले गोमंतकीय धर्मबंधू बोट लागेपर्यंत तेथे पेटीवर पेटी ठेवून राहत आणि संध्याकाळी वेदीपुढे एकत्र रोझरी म्हणत. खाली इराणी, वर गोवेकर, दोघेही घर सोडून आलेले. हे सर्व मी मुलांना सांगत होतो तेव्हा धाकट्याचे लक्ष मावा केकवर होते, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

दुसरी फेरी चिनी जेवणाची. ज्येष्ठ मित्रांचा ‘तिकडे मिळत नाही काय’ हा प्रश्न खरे तर या ताटापाशीच शोभून दिसतो. टोरांटोत चिनी उपाहारगृहांना काय तोटा? कुलाब्यातल्या एका जुन्या चिनी खाणावळीत आम्ही बसलो. चिली चिकन आले. पहिला घास घेताच धाकटा उद्गारला, ‘‘मामा, हे तर आमच्याकडचे हक्का!’’ ब्रॅम्प्टनमध्ये त्यांच्या घराजवळ ‘हक्का’ अशी पाटी लावलेले एक दुकान आहे आणि शाळा सुटल्यावर ही पोरे तेथे हेच चिली चिकन खातात. पण ते दुकान चिनी असूनही मालक हिंदी का बोलतो, याचा त्याला कधी उलगडा झाला नव्हता. तो उलगडा मुंबईत, चौथ्या-पाचव्या घासाला झाला, आणि त्यासाठी मला थोडा इतिहास सांगावा लागला.

हक्का हे दक्षिण चीनमधले लोक. त्यांच्यातील अनेक कुटुंबे कलकत्त्याला येऊन स्थिरावली. टांगऱ्याला त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले, कोणी चपला-बुटांची दुकाने थाटली, कोणी खाणावळी. मुंबईतही चिनी वस्ती होती; माझगावात चिनी दर्यावर्दींनी १९१९ साली उभारलेले छोटेसे देऊळ आजही आहे. स्वतःच्या पद्धतीच्या स्वयंपाकात त्यांनी आपल्या जिभेसाठी हिरवी मिरची, आले, लसूण सढळ हाताने घातले. ज्याला आपण मांचुरियन म्हणतो त्याचा मांचुरियाशी काडीचाही संबंध नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पदार्थ प्रथम केला, असे सांगितले जाते. आपल्या लग्नाच्या पंगतीत पनीर-मांचुरियन वाढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

पण गोड कथा इथेच संपते. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले आणि या देशात जन्मलेली, इथल्याच शाळांत शिकलेली ही माणसे एका रात्रीत शत्रू ठरली. आसाम, दार्जिलिंग आणि आसपासच्या भागांतून सुमारे तीन हजार जणांना, त्यांत म्हातारे आणि तान्ही मुलेही, आगगाडीत घालून राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. काही जण तेथे वर्षानुवर्षे राहिले. सुटून घरी आले तेव्हा पुष्कळांची घरे आणि दुकाने लिलावात गेलेली होती. मग ज्यांना जमले त्यांनी हा देश सोडला, आणि त्यांतले खूपसे टोरांटोला गेले. जाताना त्यांनी बरोबर काय नेले? चिली चिकन नेले. आपल्या मिरचीची सवय नेली. हिंदी नेली. देवळीत राहून आलेल्यांची संघटना आज कॅनडातच आहे आणि भारत सरकारने एकदा तरी ‘चुकलो’ म्हणावे, एवढीच तिची मागणी आहे.

तेव्हा मित्रहो, ‘तिकडे मिळत नाही काय’ या प्रश्नाचे उत्तर असे आहे: मिळते. कारण ते इथून तिकडे गेले आहे. आपणच ते तिकडे हाकलले आहे. माझ्या भाच्याला हे ब्रॅम्प्टनमध्ये कोणी सांगितले नव्हते आणि वसईच्या आमच्या अंगणात बसून मलाही ते सांगायला सुचले नसते. ते ताट पुढे आले, तेव्हा सुचले. त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून होता. बोरिवली गेल्यावर म्हणाला, ‘‘मामा, त्या दुकानातल्या अंकलना मी गेल्यावर विचारणार.’’ काय विचारणार, ते त्याने सांगितले नाही.

तिसऱ्या फेरीबद्दल मी ज्येष्ठ मित्रांपुढे कान पकडतो. मुलांना जपानी सुशी हवी होती. कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही एका मोठ्या हॉटेलातल्या रविवारच्या भोजनाला गेलो. एकाच दालनात सात देश मांडले होते. इटली उजवीकडे, मेक्सिको डावीकडे, जपान मधोमध बर्फावर. प्रत्येक देशावर चिमुकला झेंडा. माणशी जो दर होता त्यात आमच्या घरचा पंधरा दिवसांचा बाजार सहज झाला असता. आणि चव? सातही देशांना जणू एकाच पातेल्यातून पाणी पाजले होते. थाळ्या भरल्या जात होत्या, अर्ध्या टाकल्या जात होत्या. कोणी कोणाला काही विचारत नव्हते; विचारणार कोणाला, पदार्थांमागे माणूसच दिसत नव्हता. सुशीवर नारिंगी रंगाचा सामन मासा होता. गंमत म्हणजे जपानी लोक तो मासा पूर्वी सुशीवर कच्चा खात नसत. नॉर्वेच्या मासळी व्यापाऱ्यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकात चिकाटीने प्रचार करून तो त्यांच्या गळी उतरवला. तोच मासा समुद्र ओलांडून मुंबईत येतो आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्याला बोंबील, घोळ, सुरमई उतरत असताना आमची समुद्रकाठची पोरे पदरचे पैसे मोजून तो खातात. इथे आमच्या मित्रांचा संताप मला शंभर टक्के मान्य आहे. याला जग पाहणे म्हणत नाहीत. ही जत्रेतली पेटी, पैसे टाका, काचेला डोळा लावा आणि आग्रा-काशी पाहा. अशा ठिकाणी पाहुण्या मुलांना नेऊन ‘आम्ही त्यांना जगाची ओळख करून दिली’ म्हणणाऱ्या आई-बापांनी, काका-मामांनी मला माफ करावे. मी त्यांच्यातलाच एक आहे, पण पुन्हा जाणार नाही.

म्हणजे माझा पक्ष ‘बाहेर खा’ असा नाही आणि ‘घरीच खा’ असाही नाही. अन्नामागचा माणूस दिसला पाहिजे, तो दिसत नसेल तर ते विंदालू असो की सुशी, पैसे आणि जेवण दोन्ही वाया. आणि हे मी शहाणपणाने सांगत नाही. चौथ्या फेरीत मी स्वतःच किती आंधळा आहे ते उघडे पडले.

हल्लीच्या मुलांना कोरियाचे वेड आहे. गाणी तिकडची, मालिका तिकडच्या. भाची त्यातलीच. वांद्र्याच्या एका कोरियन उपाहारगृहात आम्ही गेलो. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर आपणच मांसाचे काप भाजायचे, कोबीचे आंबवलेले तिखट लोणचे म्हणजे किमची, आणि लहान लहान वाट्यांतून सात-आठ तोंडीलावणी. वाढायला एक विशी-बाविशीची मुलगी होती. गोरा वर्ण, बारीक डोळे, चेहऱ्यावर हसू, अंगात कोरियन धर्तीचा पोशाख. तिने शेगडी पेटवली, काप कसे परतायचे ते दाखवले. मला वाटले, पाहुणचाराचे दोन शब्द बोलावेत. मी हिंदीत विचारले, ‘‘बेटी, आपके देश में भी ऐसे ही बनाते हैं?’’

ती म्हणाली, ‘‘सर, मेरा देश यही है. मैं मणिपूर से हूँ.’’

ती रागावली नव्हती. हे उत्तर तिने इतक्या वेळा दिले होते की त्यात राग उरला नव्हता. मी गोरामोरा झालो आणि ‘हो हो, माहीत आहे’ असे काहीतरी पुटपुटलो. माझी पत्नी ताटात पाहू लागली. भाची मात्र माझ्याकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, ‘‘मामा, हाच प्रश्न मला तिकडे विचारतात. तू मूळची कुठची? मी सांगते, ब्रॅम्प्टनची. मग म्हणतात, तसे नाही, खरी कुठची?’’

वाचकहो, मी पस्तीस वर्षे भूगोल शिकवला आहे. फळ्यावर ईशान्य भारताची राज्ये आणि त्यांच्या राजधान्या लिहून घेतल्या आहेत. २०१४ साली अरुणाचलचा निडो तानिया हा तरुण दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला, तेव्हा वर्गात त्याच्याविषयी मी तळमळीने बोललो होतो. २०२० च्या साथीत ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले, तेव्हा मी घरात बसून त्या लोकांची कीव केली होती. आणि वांद्र्यात, पोटभर जेवताना, एका भारतीय मुलीला तिच्याच देशात परकी ठरवायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. ज्या बुद्धीने १९६२ साली हक्का शेजाऱ्याला आगगाडीत कोंबले, ती बुद्धी दूर कुठे राजस्थानात नाही. ती माझ्या जिभेवर होती, आणि आदल्याच आठवड्यात देवळीची गोष्ट मी भाच्याला रंगवून सांगितली होती.

मालकाने तिला तो पोशाख का घातला असेल, हे उघड आहे. गिऱ्हाइकाला कोरिया विकत घ्यायचा असतो आणि या मुलीचा चेहरा तो आयता पुरवतो. मुंबईतल्या कितीतरी चिनी, जपानी, कोरियन उपाहारगृहांत वाढणारी मुले मणिपूरची, मिझोरमची, नागालँडची, दार्जिलिंगची असतात. आपण त्यांच्या चेहऱ्यावर देश वाचतो आणि तो हमखास चुकीचा वाचतो.

पुढचे सारे भाचीने केले. तिने त्या मुलीला शेजारी उभे करून विचारायला सुरुवात केली आणि दोघी पाच मिनिटांत मैत्रिणी झाल्या. कोरियन पदार्थ तिने कोणा आचाऱ्याकडून नव्हे, लहानपणी घरच्या दूरदर्शन संचावरून ओळखले होते. २००० साली मणिपुरात एका भूमिगत संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. चित्रपटगृहे ओस पडली आणि ती पोकळी कोरियन मालिकांनी भरून काढली. कोरियाचे वेड आपल्याकडे आले त्याच्या किती तरी आधी इंफाळच्या घराघरांत ते पोचले होते, हे मला तेथे कळले. भाचीच्या बोटातली रोझरीची अंगठी पाहून त्या मुलीने विचारले, ‘‘कॅथलिक?’’ आणि स्वतःच्या गळ्यातला क्रूस बाहेर काढून दाखवला. कालिन्याला ती चार मुलींसोबत एका खोलीत राहते. रविवारी कामाची गर्दी, म्हणून पहाटेची मिस्सा गाठते. सुटी मंगळवारी.

भाचीने तिला मंगळवारी वसईला बोलावले. मला विचारले नाही, आजीला विचारले. फोनवरच.

ती आली, सोबत मिझोरमची एक मैत्रीण. वसई रोड स्थानकावर त्यांना घ्यायला धाकटा गेला होता. येताना तिने माझ्या आईसाठी कागदात बांधलेली भेट आणली: वाळलेल्या मिरच्या, अंगठ्याएवढ्या, सुरकुतलेल्या, गडद लाल. तिकडे त्यांना उमोरोक म्हणतात. जगातल्या अति तिखट मिरच्यांपैकी ही एक. आईने एक मिरची नाकाशी नेली, खोकली, हसली आणि पाट्यावर बसली. एका मिरचीत अख्ख्या घराला पुरेल एवढी चटणी झाली. त्यात तिने भाजलेला सुका जवळा घातला. मणिपूरची मुलगी म्हणाली, आमच्याकडेही सुकी मासळीच घालतात. माझी आई मराठीत बोलत होती, ती हिंदीत. मिझो मैत्रीण नुसती मान डोलवत होती. कोणाचे काही अडले नाही.

नेमके त्याच वेळी आमचे ज्येष्ठ मित्र फाटकातून आत आले. हातात पुठ्ठ्याचे खोके. त्यांचा थोरला मुलगा मिसिसॉगाला असतो, ब्रॅम्प्टनहून जवळच, आणि बहीण दोन दिवसांनी निघणार होती. खोक्यात त्याच्यासाठी चार डझन सुकेळी, दोन किलो मसाला आणि सुके बोंबील होते. मी म्हटले, ‘‘तिकडे मिळत नाहीत काय?’’ एवढा सूड मी घेतला, नाकारत नाही. ते क्षणभर थबकले. मग ‘‘मिळतात, पण हे आपले’’ असे म्हणत खुर्चीवर बसले.

आईने त्यांच्यापुढेही भाकर आणि चटणी ठेवली. घरची चटणी समजून त्यांनी बोटभर घेतली. पुढचे वर्णन करणे बरे दिसणार नाही. तीन पेले पाणी झाल्यावर त्यांनी डोळे पुसत विचारले, ‘‘ही कुठली मिरची?’’ आईने त्या मुलीकडे बोट दाखवले. आमचे मित्र खुर्ची तिच्याकडे वळवून, मोडक्यातोडक्या हिंदीत, सरळ मनाने, जसे ते गावातल्या कोणाही मुलीला विचारतील तसे विचारू लागले. नाव काय, धर्मग्राम कोणते, घर कुठे, घरी कोण कोण असते.

ती म्हणाली, घर इंफाळला होते. २०२३ च्या मे महिन्यात जळले.

त्या हिंसाचारात दोन्ही बाजूंची मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली, साठ हजारांच्या आसपास बेघर झाली आणि चर्चही शेकड्यांनी जळाली. हे आम्ही सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले होते, आमच्या मित्रांनी तर माझ्यापेक्षा अधिक. मणिपूरसाठी चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेला ते पहिल्या बाकावर होते. पण ते आता काही बोलले नाहीत.

‘‘और माँ-बाप?’’ थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

‘‘ऐझॉल में. मामा के घर.’’

त्यांनी मान हलवली. मग खाली ठेवलेल्या खोक्याची दोरी सोडली, त्यातली डझनभर सुकेळी काढून तिच्यापुढे ठेवली आणि माझ्या बहिणीला म्हणाले, ‘‘त्याला सांग, तीनच डझन पाठवली.’’